तांब्याइतकेच गंधक

चाल्कोपायराइट दिसायला पितळेसारखे पिवळे असते, नवख्याला सोने वाटावे इतके. जगातल्या ज्ञात तांब्यापैकी सुमारे ७० टक्के तांबे या एकाच खनिजात अडकलेले आहे. त्याच्या सूत्रात तांब्याचा एक अणू, लोखंडाचा एक आणि गंधकाचे दोन. तांब्याचा अणू गंधकाच्या अणूच्या जवळजवळ दुप्पट जड, त्यामुळे वजनाचा हिशेब बरोबरीत सुटतो: शुद्ध चाल्कोपायराइटमध्ये साडेचौतीस टक्क्यांच्या आसपास तांबे आणि जवळपास पस्तीस टक्के गंधक. म्हणजे एक टन तांबे काढायला घेतले की एक टन गंधक आपोआप गळ्यात पडते. भट्टीऐवजी रसायनांच्या द्रावणात तांबे विरघळवून काढण्याच्या पद्धतीचा, म्हणजे लीचिंगचा, इतिहास सहसा रसायनशास्त्रातल्या एका हट्टी कोड्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ते कोडे खरे आहे आणि मनोरंजकही आहे. पण गेल्या अर्धशतकात कॉन्सन्ट्रेटवर, म्हणजे दगडातून वेगळ्या केलेल्या खनिजाच्या भुकटीवर, चालणारे जे कारखाने उभे राहिले आणि त्यांतले बहुतेक बंद पडले, त्यांचा हिशेब मांडला तर निकाल बहुतेक वेळा तांब्याने लावलेला नाही. तो त्या दुसऱ्या टनाने लावला आहे.

तुलना भट्टीशी आहे, म्हणून आधी भट्टी. खाणीतून निघणाऱ्या दगडात आज सरासरी एक टक्क्याहूनही कमी तांबे असते. तो बारीक दळायचा, पाण्यात रसायने घालून हवेने फेस काढायचा आणि फेसाला चिकटून वर आलेली खनिजाची भुकटी गोळा करायची. ती वाळवली की पंचवीस ते तीस टक्के तांबे असलेले कॉन्सन्ट्रेट तयार होते. फिनलंडमधल्या हार्याव्हाल्टा इथे आउटोकुम्पू कंपनीने १९४९ साली चालू केलेल्या फ्लॅश भट्टीत ही भुकटी गरम हवेबरोबर फवारली जाऊ लागली. तिच्यातले गंधक आणि लोखंड स्वतःच पेट घेतात आणि भट्टी बरीचशी त्याच उष्णतेवर चालते. लोखंड मळीत जाते, तांबे तळाशी साचते आणि गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होऊन वर निघतो. एकेकाळी तो धुराड्यातून सरळ आकाशात सोडत आणि आजूबाजूचे रान जळून जाई. आता तो आम्लाच्या कारखान्यात वळवतात. चांगल्या भट्टीत नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक गंधक असे पकडले जाते. एक टन गंधकातून तीन टन सल्फ्युरिक आम्ल होते. तेव्हा तांब्याची भट्टी हा वजनाने पाहिला तर आम्लाचाच कारखाना आहे, तांबे त्याचा तिसरा हिस्सा.

द्रावणाचा मार्ग भट्टीइतका जुना नसला तरी नवाही नाही. चीनमध्ये सोंग राजवटीत, अकराव्या शतकात, खाणीतून झिरपणाऱ्या निळ्या पाण्यात लोखंडाचे पत्रे बुडवून त्यांवर बसलेले तांबे खरवडून काढत. स्पेनमधल्या रिओ टिंटोच्या खाणींवर अठराव्या शतकात हीच युक्ती चालू होती. निळे पाणी म्हणजे मोरचुदाचेच पाणी. द्राक्षबागायतदार चुन्यात मिसळून बोर्डो मिश्रण करतो तेच मोरचूद. लोखंड विरघळते, तांबे बाहेर पडते. मात्र असे तांबे गाळासारखे, लोखंडमिश्रित निघे आणि पुन्हा भट्टीतच जाई. ही अडचण १९६८ साली ॲरिझोनातल्या ब्लूबर्ड खाणीवर सुटली. रॉकेलसारख्या तेलात एक खास सेंद्रिय रसायन मिसळायचे आणि ते तेल मोरचुदाच्या पाण्याबरोबर घुसळायचे. रसायन तांबे तेवढे उचलते, लोखंड पाण्यात राहते, तेल वर तरंगते. त्या तेलातले तांबे तीव्र आम्लात उतरवून घ्यायचे आणि विजेच्या टाकीत स्टीलच्या पत्र्यावर बसवायचे. आठवड्याभराने पत्रा बाहेर काढून दोन्ही बाजूंचे तांबे सोलले की ९९.९९ टक्के शुद्धतेचा माल, भट्टीचे तोंडही न पाहिलेला. चिली आणि ॲरिझोनाच्या कोरड्या वाळवंटांत या पद्धतीने इतका जम बसवला की जगातल्या खाणीच्या तांब्याचा साधारण सहावा-पाचवा हिस्सा पुढे असाच निघू लागला. पण हे सगळे मुख्यतः ऑक्साइड खनिजांचे आणि चाल्कोसाइटसारख्या मवाळ सल्फाइडांचे यश होते. खाण खोल गेली की ही वरची खनिजे संपतात आणि खाली चाल्कोपायराइट लागते. तिथे गाडी अडते.

ती का अडते हे एका कणाच्या जवळ जाऊन पाहण्यासारखे आहे. चाल्कोपायराइटचा कण फेरिक सल्फेटच्या कोमट आम्लद्रावणात टाकला की सुरुवात झोकात होते. फेरिक आयन खनिजाकडून इलेक्ट्रॉन काढून घेतात, तांबे आणि लोखंड द्रावणात उतरते, गंधक मागे राहते. मग काही तासांत वेग मंदावतो आणि कणात बरेच तांबे शिल्लक असतानाच जवळजवळ थांबतो. पृष्ठभागावर काहीतरी साय धरते. ही साय कशाची यावर संशोधकांची अजून एकवाक्यता नाही: कुणी म्हणते सुट्या गंधकाची, कुणी म्हणते धातू निघून गेल्यावर उरलेल्या गंधकाच्या साखळ्यांची, कुणी लोखंडाच्या जॅरोसाइट नावाच्या क्षाराकडे बोट दाखवते. तिन्ही मतांना पुरावे आहेत आणि बहुधा परिस्थितीप्रमाणे तिन्ही खरी असावीत. या सायीवर लिहिलेल्या शोधनिबंधांचे वजन करता आले तर एखाद्या लहान खाणीचे वर्षाचे उत्पादन भरेल असे गमतीने म्हणता येईल. साय फोडण्याच्या वाटा मात्र अनेक सापडल्या. कण दहा-वीस मायक्रॉनपर्यंत दळणे, सल्फेटऐवजी क्लोराइडचे द्रावण घेणे, चांदीचा अंश घालणे, पायराइट या लोखंड-गंधकाच्या खनिजाच्या कणांशी संपर्क ठेवून विद्युत-रासायनिक धक्का देणे, सत्तर-ऐंशी अंशांत जगणारे सूक्ष्मजीव कामाला लावणे, किंवा सरळ दाबपात्रात ऑक्सिजन भरून तापमान चढवणे. या प्रत्येक वाटेने प्रयोगशाळेत नव्वद टक्क्यांहून जास्त तांबे विरघळते. म्हणून चाल्कोपायराइट विरघळत नाही ही तक्रार आता इतिहासजमा धरावी. साय कशाची हे विज्ञानाचे कोडे शिल्लक आहे, कारखानदाराचे कोडे वेगळेच आहे.

ते कोडे तापमानाच्या मोजपट्टीवर दिसते. गंधक साधारण ११९ अंशांना वितळते. त्याखाली राहिले तर गंधक घन कणांच्या रूपात उरते, पण वेग कमी. दीडशे अंशांच्या आसपास गेले तर ते पातळ होते आणि न विरघळलेल्या खनिजावर तेलासारखे पसरून त्याला पुन्हा झाकून टाकते. ते टाळण्यासाठी लिग्निनपासून केलेले साबणासारखे पदार्थ घालावे लागतात. एकशेसाठच्या पुढे वितळलेले गंधक अचानक गुळाच्या पाकासारखे घट्ट होते, तो टप्पा कुणालाच नको असतो. दोनशेच्या वर, सव्वादोनशे अंशांना, गंधक सगळेच जळून सल्फेट होते, साय नाही, चिकटा नाही, तासाभरात काम फत्ते. मग सगळे तिथेच का जात नाहीत? कारण समीकरण लिहून पाहिले की कळते. गंधक गंधकच ठेवायचे असेल तर एक टन तांब्याला सहाशे-सव्वासहाशे किलो ऑक्सिजन पुरतो. सगळे गंधक जाळायचे तर दोन टनांहून अधिक ऑक्सिजन लागतो, आणि शेवटी विजेच्या टाकीतून परतणारे धरून हाती पडते तीन टनांच्या वर आम्ल. हे भट्टीच्या आम्लासारखे टँकरमध्ये भरून विकता येत नाही; ते पातळ असते, लोखंडाने आणि इतर धातूंनी मळलेले असते. ते शेजारी कुणाला हवे असेल तर सोने, नको असेल तर चुनखडी घालून मारायचे. तीन टन आम्ल मारले की पाच टनांवर जिप्सम तयार होते. एक टन तांब्यामागे पाच टन ओला, अशुद्ध जिप्सम, दररोज, वर्षानुवर्षे. कॉन्सन्ट्रेटमध्ये पायराइटची भेसळ असतेच, ती धरली तर ढीग आणखी वाढतो.

आता कारखान्यांकडे या नजरेने पाहावे. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात ॲनाकोंडा कंपनीने १९७४ साली अमोनियाच्या द्रावणावर चालणारा आर्बिटर पद्धतीचा कारखाना उभारला. धुराचे कायदे कडक होत होते आणि ‘धूर नसलेले तांबे’ ही मोठी आशा होती. तांबे विरघळले, पण गंधक अमोनियम सल्फेट होऊन बसले, आणि अमोनिया परत मिळवायचा तर चुना घालून जिप्समचे ढीग करणे आले. १९७७ साली कारखाना बंद झाला. यंत्रांच्या अडचणी आणि तांब्याचे पडलेले भावही कारणीभूत होते, हे मान्य. त्याच सुमारास ड्युव्हाल कंपनीने ॲरिझोनात क्लोराइडची पद्धत चालवली. तिथे गंधक सुटे राहत होते, म्हणजे गंधकाचा प्रश्न बरा सुटला होता. पण क्लोराइडात चांदीही विरघळून तांब्यात शिरे, तांबे पत्र्याऐवजी भुकटीच्या रूपात निघे आणि त्याला पुन्हा शुद्ध करावे लागे. १९८२ मध्ये तोही थांबला. याच्या उलट, फेल्प्स डॉजने २००३ साली ॲरिझोनातल्या बॅगडॅड खाणीवर सव्वादोनशे अंशांचे दाबपात्र बसवले, वर्षाला सोळा हजार टन तांब्याचे. तिथे सगळे गंधक मुद्दाम आम्ल केले जात होते, कारण त्याच खाणीवर हलक्या प्रतीच्या खनिजाचे ढीग आम्ल पाजण्यासाठी तयार पडले होते. दाबपात्र म्हणजे तांब्याच्या जोडीने ढिगांसाठी आम्लाचा झरा. तो चालला. पुढे मोरेन्सी खाणीवर २००७ साली मोठा कारखाना आला, २००९ च्या मंदीत थांबवला गेला आणि काही वर्षांनी पुन्हा चालू करण्यात आला.

झांबियातल्या कान्सान्शी खाणीचा दाखला सर्वांत बोलका वाटतो. फर्स्ट क्वांटम कंपनीने २००७ साली तिथे उच्च दाबाचे लीचिंग सुरू केले, आणि कारण पुन्हा तेच: खाणीत ऑक्साइड खनिज भरपूर, त्याला आम्ल हवे, आणि समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या देशात आम्ल आणणे महाग. मग २०१५ साली त्याच खाणीवर कंपनीने भट्टी बांधली, आणि भट्टीचे आम्ल ऑक्साइडच्या लीचिंगला जाऊ लागले. इथे द्रावण आणि भट्टी हे प्रतिस्पर्धी राहिलेच नाहीत. दोघांनाही एकाच गिऱ्हाइकाला आम्ल पुरवायचे होते, आणि मोठ्या प्रमाणावर भट्टी ते स्वस्तात पुरवू शकली. स्पेनमध्ये सेव्हिलजवळच्या लास क्रुसेस खाणीने २००९ पासून नव्वद अंशांच्या उघड्या टाक्यांत खनिज विरघळवून वर्षाला बहात्तर हजार टनांच्या क्षमतेचा कारखाना चालवला, पण ते खनिज प्रामुख्याने चाल्कोसाइट होते आणि त्यात तांब्याचे प्रमाण दुर्मीळ म्हणावे इतके जास्त. त्याच्या यशावरून चाल्कोपायराइटबद्दल निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. अपवाद म्हणून मात्र तो लक्षात ठेवावा.

या मांडणीवर पहिला आक्षेप सोन्याचा येईल, आणि तो वजनदार आहे. तांब्याच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये टनामागे काही ग्रॅम सोने आणि त्याहून बरीच जास्त चांदी अनेकदा असते. भट्टीत वितळलेले तांबे ही मौल्यवान धातूंची उत्तम चाळणी ठरते. ते सोने-चांदी गोळा करत जाते आणि शेवटी शुद्धीकरणाच्या टाकीत ॲनोडखाली, म्हणजे भट्टीतल्या अशुद्ध तांब्याच्या पाट्यांखाली, गाळ म्हणून जमते. सल्फेटच्या द्रावणात सोने विरघळत नाही, ते उरलेल्या चोथ्यात लोखंडाच्या ऑक्साइडबरोबर राहते. चोथ्यात सुटे गंधक असेल तर सोने काढण्यासाठी घातलेले सायनाइड गंधकच खाऊन टाकते. गंधक पूर्ण जाळले तर सोने सुटते, पण चांदी जॅरोसाइटमध्ये कोंडली जाते. म्हणजे सोन्याचा प्रश्नसुद्धा फिरून गंधकाच्याच दारात येतो. आक्षेप मान्य केला तरी मूळ युक्तिवाद त्यातून ढिला होत नाही, उलट घट्ट होतो.

दुसरा आक्षेप पर्यावरणवाद्यांचा: द्रावणाची पद्धत स्वच्छ आहे, धूर नाही, मग बाजाराने नाकारली तरी कायद्याने ती लादावी. धूर नाही हे खरे. पण विजेच्या टाकीत द्रावणातून तांबे बसवायला टनामागे सुमारे दोन हजार युनिट वीज लागते. भट्टीतून आलेला ॲनोड शुद्ध करायला साधारण तीनशे ते चारशे युनिट पुरतात. शिवाय कॉन्सन्ट्रेट हे स्वतःच इंधन आहे, आणि ती उष्णता द्रावणाच्या पद्धतीत टाक्या कोमट ठेवण्यात विरून जाते. वीज कोळशाची असेल तर धूर फक्त गाव बदलतो. चिली-ॲरिझोनासारख्या ठिकाणी सूर्याची स्वस्त वीज मिळू लागली आहे, तिथे हे गणित बदलेल हेही कबूल केले पाहिजे. चोथ्याचे मात्र काय? वायू हा एका नळातून पकडता येतो. चोथ्याचा तलाव पन्नास वर्षे राखावा लागतो. वाळवंटात त्यातले पाणी उन्हाने उडते. जिथे चार महिने मुसळधार पडते तिथे तोच तलाव दर जुलैत काठोकाठ भरतो.

तरीही द्रावणाला एक हक्काचे क्षेत्र आहे, आणि ते मला आजच्यापेक्षा उद्या मोठे दिसते. पहिले म्हणजे आर्सेनिक. जुन्या खाणी जसजशा खोल जातात तसतसे कॉन्सन्ट्रेटमध्ये एनार्जाइट हे खनिज वाढते, ज्यात सुमारे एकोणीस टक्के आर्सेनिक असते. चीनने अर्धा टक्क्याहून जास्त आर्सेनिक असलेल्या कॉन्सन्ट्रेटची आयातच बंद ठेवली आहे. भट्टीत आर्सेनिक धुळीत उडते आणि पुन्हा पुन्हा फिरत राहते. दाबपात्रात ते लोखंडाशी जोडून स्कोरोडाइट नावाच्या स्थिर खनिजात बांधता येते. दुसरे म्हणजे आकार. भट्टी परवडायला वर्षाला लाखो टनांचा माल लागतो, दाबपात्र दहा-वीस हजार टनांवरही चालते. दूरच्या लहान खाणीने कॉन्सन्ट्रेट बोटीने पाठवणे म्हणजे भाड्याच्या पैशात तीन चतुर्थांश गंधक, लोखंड, वाळू आणि ओल वाहून नेणे. तिसरे कारण ताजे आहे. खाणी भट्ट्यांना कॉन्सन्ट्रेट वितळवण्याची जी मजुरी देतात तिचा वार्षिक दर २०२४ साली टनाला ८० डॉलर होता, २०२५ साली तो २१.२५ डॉलरवर आला, आणि त्याच वर्षाच्या मध्यात काही करार शून्य डॉलरवर झाले. चीनमध्ये भट्ट्या फार झाल्या आणि खनिज पुरेना. फुकटात वितळवूनही त्या भट्ट्या जगल्या त्या सोने आणि आम्ल विकून. याहून स्पष्ट पुरावा मागायचा कुठे? आणि उलट बाजूनेही पाहावे: मजुरी शून्य असताना आपल्या खाणीवर दाबपात्र बांधण्याची घाई कुठला खाणवाला करेल?

भारताचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो, आणि मराठी वाचकाला त्यात एक जुनी खूण सापडेल. स्टरलाइटचा तांब्याचा कारखाना आधी रत्नागिरीला येणार होता. बांधकाम सुरू झाले होते. आंबा, मासळी आणि पाणी यांच्या भीतीने लोक उठले आणि १९९३ साली काम थांबले. प्रकल्प तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तिथे वर्षाला चार लाख टनांपर्यंत वाढला, तक्रारीही वाढत गेल्या, मे २०१८ मध्ये आंदोलकांवरच्या पोलिस गोळीबारात तेरा जण मेले आणि कारखान्याला टाळे लागले. सर्वोच्च न्यायालयाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी कंपनीची याचिका फेटाळली. भट्टीऐवजी लीचिंग आणले असते तर हे टळले असते का, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि आजही विचारला जातो. माझे उत्तर नाही असे आहे. अशा कारखान्यात बोटीने आलेले परके कॉन्सन्ट्रेट येते, सोबत तेवढेच गंधक येते. भट्टी त्याचे आम्ल करते आणि खतांच्या देशात आम्लाला गिऱ्हाईक आहे. लीचिंगने तेच गंधक किनाऱ्यावर चोथा म्हणून किंवा जिप्सम म्हणून साठले असते, चार लाख टन तांब्यामागे वीस लाख टनांच्या हिशेबाने, आणि रत्नागिरीला असते तर कोकणाच्या पावसात. रत्नागिरीकरांची भीती खोटी नव्हती. तिचे उत्तर पद्धत बदलण्यात नव्हते, आम्लाच्या कारखान्याची आणि सांडपाण्याची कडक, उघडी देखरेख करण्यात होते.

लीचिंगचा विचार करायचाच तर तो गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातल्या मलांजखंडचा करावा. देशातले तांब्याचे खनिज काढणारी एकमेव कंपनी, सरकारी हिंदुस्तान कॉपर, सगळ्या खाणी मिळून वर्षाला पंचवीस-तीस हजार टन तांब्याचे कॉन्सन्ट्रेट काढते. दहेज आणि मुंद्रा इथल्या प्रत्येकी पाच लाख टनांच्या भट्ट्यांपुढे ते किरकोळ आहे, पण दाबपात्रासाठी तो आकार बरोबर आहे. अडचण अशी की आजूबाजूला टन तांब्यामागचे तीन टन आम्ल पिणारे ऑक्साइडचे मोठे साठे असल्याशिवाय सव्वादोनशे अंशांची पद्धत परवडणार नाही. आणि दीडशे अंशांच्या पद्धतीत गंधकमिश्रित चोथा कान्हाच्या जंगलापासून फार लांब नसलेल्या, पावसाळी मुलखात कायमचा ठेवावा लागेल. तोवर मलांजखंडचे कॉन्सन्ट्रेट भट्टीकडे जाणे हेच शहाणपणाचे आहे, असे मला वाटते.

मुंद्र्यापाठोपाठ देशाच्या किनाऱ्यावर आणखी भट्ट्यांचे बेत होतील, त्यांतला एखादा पुन्हा कोकणाकडे वळणार नाही असे नाही. आणि ‘हरित लीचिंग’च्या जाहिरातीही येतील. जनसुनावणीला जाणाऱ्याने तांब्याचे आकडे ऐकून घ्यावेत, रोजगाराचेही घ्यावेत, आणि मग उभे राहून एवढे विचारावे: वर्षाला किती टन गंधक आत येणार, आणि ते कोणत्या रूपात, कोणत्या फाटकातून, कुणाच्या नावे बाहेर जाणार?